रक्त पातळ करणारी गोळी आणि हलणारी दाढ

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. फेब्रुवारीत त्यांची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रोज चालू आहे. वरची, उजवीकडची एक दाढ बरेच दिवस हलतेय. हल्ली घास चावला की कळ डोळ्यापर्यंत जाते. दाढ काढायला त्या कशाबशा तयार झाल्या, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, या गोळ्या चालू असताना दाढ काढली तर रक्त थांबत नाही. झालं, सोमवारपासून दोन्ही गोळ्या बंद! शिवाय वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती आहेच. सकाळी मिश्री लावतात, पण ‘डॉक्टरला सांगू नको’ म्हणतात. कार्तिकीला पंढरपूरला जायचंय. काय करू?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : ताई, पत्र वाचलं त्याच संध्याकाळी संपादकांकडून नंबर घेऊन मी तुम्हाला फोन केला, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. फोनवर जे सांगितलं तेच सगळ्यांसाठी लिहिते. ज्यांनी स्टेंट बसवला त्या हृदयरोगतज्ज्ञांशी त्याच दिवशी बोला, ते सांगतील तशा गोळ्या पुन्हा सुरू करा. बुडालेल्या गोळ्या मात्र एकदम घ्यायच्या नाहीत.

पूर्वी दात काढण्याआधी अ‍ॅस्पिरिन आठवडाभर थांबवायची पद्धत होती, त्यामुळे काकूंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम रक्तातल्या प्लेटलेटवर ७ ते १० दिवस टिकतो, त्यावरून तो हिशेब आला होता. आज एखादा दात काढण्यासाठी या गोळ्या सहसा थांबवत नाहीत. दाढेच्या जागेचं रक्त जरा जास्त वेळ झिरपेल, पण ती जागा डोळ्यांसमोर असते, बोटाखाली असते. बोळा दाबता येतो, जिलेटिनचा स्पंज भरता येतो, टाका घालता येतो, ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेलं गॉज चावून धरायला देता येतं. गोळी बंद केल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर तिथे कुणाचं बोट पोचणार? हा सौदा मला कधीच मान्य होणार नाही, आणि माझ्या पेशंटना मी तो करू देत नाही. ज्यांना वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉल चालू आहे, त्यांनी मात्र आदल्या एक-दोन दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती रक्ततपासणी, करून रिपोर्ट सोबत न्यावा. त्याही गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आता नजरेचं. दिसतं ते डोळ्यामागच्या वेगळ्या नसेमुळे. वरच्या दातांची नस निराळी. ती दाढ, गाल आणि खालची पापणी इथल्या संवेदना नेते, म्हणूनच सासूबाईंची कळ डोळ्याकडे जाते. क्वचित बधिर करायच्या औषधाचा अंमल डोळ्याच्या स्नायूपर्यंत पोचतो आणि थोडा वेळ दोन-दोन दिसतं. बधिरपणा उतरला की तेही जातं. ज्या वयात दाढा हलू लागतात त्याच वयात मोतीबिंदूही येतो, आणि दोष दाढेच्या माथी बसतो. खरी भीती उलट बाजूने आहे : पू झालेली वरची दाढ तशीच ठेवली तर सूज गालावरून डोळ्याभोवती चढू शकते. डोळ्याभोवती सूज आणि ताप असेल तर उजाडण्याची वाट पाहू नका, मोठं हॉस्पिटल गाठा.

दाढ काढायची वेळ सकाळची घ्या. नाश्ता आणि रोजच्या गोळ्या घेऊनच जा, म्हणजे रक्त रेंगाळलं तरी पुढे अख्खा दिवस हाताशी असतो. औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. तोंडी नावं चुकतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही आवर्जून सांगा, त्या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. नंतर बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही, थुंकायचं नाही, लाळ गिळायची. वरच्या दाढांची मुळं बहुधा गालामागच्या सायनसला, म्हणजे हाडातल्या पोकळीला, टेकलेली असतात, म्हणून काही दिवस नाक जोरात शिंकरू नये. पाणी प्यायल्यावर नाकातून आलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. जेवणात पहिल्या दिवशी कोमट, मऊ ताकभात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या अ‍ॅस्पिरिनबरोबर स्वतःहून घेऊ नका, पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

मिश्री लपवू नका, असं त्यांना माझ्या वतीने सांगा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आज्या लावतात आणि मी कुणालाही रागावलेले नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यामुळे हिरड्या झिजतात, दाढ हलते, आणि काढलेली जागाही लवकर भरत नाही. त्या आठवड्यात मिश्री अजिबात नको, आणि एकदा आठवडा निघाला की पुढे सोडायचं बघू. दाढ काढायला गेलात की गालाच्या आतून, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, हेही पाहून घ्या म्हणावं.

कार्तिकीच्या निदान आठ-दहा दिवस आधी दाढ निघाली आणि हृदयरोगतज्ज्ञांची हरकत नसेल, तर खुशाल जाऊ द्या.

तुम्ही विचारलं नाही, पण एक गोष्ट त्यांना जरूर विचारा. चावताना दुखतं ते दाढेचं. पण जिना चढताना किंवा भरभर चालताना खालचा जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, असं होतं का? तसं असेल तर दाढ बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. बसूनही दुखणं थांबलं नाही, घाम आला किंवा दम लागला, तर अपॉइंटमेंटच्या भानगडीत न पडता १०८ला फोन करा.