हप्ता झेपेल, पण घर झेपेल का?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको तिशीच्या आतबाहेर, दोघंही हिंजवडीत नोकरीला. दोघांचे मिळून महिना १ लाख ३५ हजार हातात येतात, २२ हजार भाडं जातं. ताथवड्यात बांधकाम चालू असलेला एक टू बीएचके पाहिला आणि दोघांच्याही मनात भरला. बाविसावा मजला, पूल, जिम, क्लबहाऊस. शिवाय दोघांनाही आठवड्यातून तीन दिवस घरून काम असतं, त्यामुळे दुसरी खोली हवीच. करारकिंमत ८८ लाख, ताबा तीन वर्षांनी. आमची बचत १८ लाख आहे. सेल्सवाले म्हणतात, ६१ हजारांचा हप्ता तुम्हाला सहज बसेल. रविवारपर्यंत बुक केलंत तर मॉड्युलर किचन फुकट. कमी पडतील ते पैसे द्यायला बार्शीचे बाबा पोस्टातली ठेव मोडायला तयार आहेत. घ्यावं का?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : हे घर आत्ता घेऊ नका. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी २७ वर्षं गेली, म्हणून आधी हिशेब मांडते.

तुम्हाला हप्ता सांगितला, पण पहिल्याच वर्षात खिशातून काय जाणार ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे कर्ज ७० लाख ४० हजार, तुमचे १७ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्के, ६ लाख १६ हजार. नोंदणी फी ३० हजार. हे दोन खर्च बँक किमतीत धरत नाही. शिवाय चालू बांधकामावर ५ टक्के जीएसटी, ४ लाख ४० हजार. बेरीज साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास जाते. तुमच्याकडे १८ आहेत. मधले साडेदहा लाख म्हणजे बाबांची ठेव.

त्या ठेवीला हात लावू नका, हे मी तुम्हाला कळकळीने सांगते. ती ज्येष्ठ नागरिक योजनेतली असेल तर दर तीन महिन्यांनी येणाऱ्या व्याजावर त्या घरातलं औषधपाणी चालत असणार. बाबा 'घे रे' म्हणतात, कारण मुलाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. माझ्या टेबलासमोर असे किती तरी वडील बसलेले मी पाहिलेत. सही करताना ते मुलाकडे बघतात, कागदाकडे बघत नाहीत.

आता हप्त्याचं. ६१ हजार हा ८.५ टक्क्यांनी, २० वर्षांचा हिशेब आहे. दर एका टक्क्याने वाढला तर तो ६५ हजार ६०० होतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता. तेव्हा अनेकांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली. कर्ज आपल्या साठीनंतरही चालणार हे काहींना आमच्याकडे स्टेटमेंट मागितल्यावर कळलं. त्यात ताबा मिळेपर्यंत तुमचं भाडंही सुटत नाही. कर्ज पूर्ण उचललं गेलं की हप्ता आणि भाडं मिळून ८३ हजार. ताबा लांबला तर तितके महिने जास्त.

भाचीबरोबर मी असाच एक सॅम्पल फ्लॅट पाहायला गेले होते. पर्समध्ये टेप होती. बेडरूममधला पलंग साडेपाच फुटी निघाला, आणि आतल्या एकाही खोलीला दार लावलेलं नव्हतं. खोली मोठी दिसणारच. तुम्हीही टेप घेऊन जा आणि कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा. ताब्याची तारीखही तिथलीच खरी धरा. आणि नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार) झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे लक्षात असू द्या.

तुमची दुसऱ्या खोलीची गरज मात्र खरी आहे. दोन जण एकाच वेळी मीटिंगला बसले की एका खोलीत वेड लागतं. ती सोडू नका. पूल आणि बाविसावा मजला सोडा. दहा-बारा वर्षं जुन्या इमारतीतला, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) झालेला रीसेल टू बीएचके बघा. समजा ५८ लाखांना मिळाला. जीएसटी नाही. तुमचा हिस्सा ११ लाख ६० हजार, मुद्रांक ४ लाख ६ हजार, नोंदणी ३० हजार. सोळा लाखांत बसतं आणि रंगरंगोटीला दोन लाख उरतात. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात एक टक्का, म्हणजे ५८ हजार वाचतात. हप्ता त्याच दराने ४० हजारांच्या आसपास, आणि राहायला गेलात की भाडं बंद.

जुन्या इमारतीला लिफ्टची कुरकुर असेल, पार्किंग अडचणीचं असेल. सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीचं हस्तांतर, झालंय का, विकणाऱ्याकडे आधीच्या सगळ्या व्यवहारांचे मूळ करार आहेत का, सोसायटीची थकबाकी किती, हे वकिलाकडून तपासून घ्या. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसतो, त्यामुळे बोनस आला की मुद्दलात भरा.

या रविवारी चेकबुक घरीच ठेवा. वाकड-चिंचवडकडच्या दोन-तीन जुन्या सोसायट्यांत दुपारच्या वेळी चक्कर मारा, आणि मे महिन्यात दिवसाला टँकर किती येतात ते गेटवरच्या वॉचमनला विचारा.