लिनक्स कर्नलच्या सेटिंगला हात घालण्याआधी

हे बघ, नेटवरून उचललेली सिसकटलची, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंगची, फाइल सर्व्हरवर तशीच चिकटवू नकोस. आधी व्हीएमस्टॅट ही मेमरी, सीपीयू, डिस्कचे आकडे दाखवणारी कमांड लावून अडतंय कुठे ते बघ. स्वॅप, म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर हलवणं, होतच नसेल, तर स्वॅपिनेस (स्वॅपकडे किती झुकायचं त्याची सेटिंग) ६० वरून १० वर आणून काय मिळणार?

जुन्या लेखांत टाइम-वेट रीसायकल (बंद झालेली कनेक्शन लवकर मोकळी करणारी सेटिंग) चालू करायला सांगतात. ते अजिबात नको. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला एकाच वायफायवरचे सगळे फोन सर्व्हरला एकाच पत्त्याचे दिसतात. ही सेटिंग चालू असेल, तर त्या फोनांचे टाइमस्टॅम्प (पॅकेटवरचे वेळेचे शिक्के) जुळले नाहीत की काहींची कनेक्शन गुपचूप टाकली जातात; लोक मात्र नेटला नावं ठेवतात. लिनक्स ४.१२ पासून, म्हणजे २०१७ मध्ये, तो पर्याय काढूनच टाकला.

एका वेळी एकच सेटिंग बदल, जुना आकडा लिहून ठेव. कमांडने केलेला बदल रीबूटला जातो. फरक मोजून दिसला, तरच तो कायम राहावा म्हणून सिसकटल-डी फोल्डरमधल्या फाइलमध्ये घाल.