घरी रोजच्या प्रार्थनेसाठी कोणतं प्रार्थनापुस्तक घ्यावं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: पुण्यात सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एका मंडळीत वर्षभर उपासनेला जाताय, घरी सकाळ-संध्याकाळ एकट्याने प्रार्थना करायची आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही चालतं, आणि ऑनलाइन शोधायला गेलात तर पुस्तकांचा ढीग बघून गोंधळलात.

माझं माहेर नगरचं, सीएनआय. सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे दोन्हीकडची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत आणि त्यातली निम्मी कोरी करकरीत आहेत. लग्नानंतरच्या उत्साहात मी कॅथलिकांच्या 'लिटर्जी ऑफ द अवर्स'चे, म्हणजे दिवसाच्या ठरावीक वेळांच्या प्रार्थनांच्या पुस्तकाचे, इंग्रजी चार खंड मागवले होते. ठेवणीतल्या साडीसारखे देखणे, रंगीत फितींसकट. पण एका सकाळच्या प्रार्थनेला पानं उलटायची चार ठिकाणी: स्तोत्रं चार आठवड्यांच्या चक्रातली, वाचन त्या ऋतूचं, संताचा सण असला तर आणखी वेगळं पान. कोणती फीत कुठे, याचा हिशेब लावण्यातच माझी प्रार्थना संपायची. दहाव्या दिवशी खंड कपाटात गेले. पुस्तक वाईट नाही, नवख्याने कुणी शिकवणारं नसताना एकट्याने सुरू करण्याचं नाही इतकंच.

तुम्हाला माझा सल्ला: नवीन काहीच विकत घेऊ नका. मराठी बायबलमधली स्तोत्रसंहिता आणि तुमच्या मंडळीत ज्यातून गाता ते 'उपासना संगीत', एवढ्यावर सुरुवात करा. लागेल ती फक्त वाटणी, आणि ती अँग्लिकनांच्या (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांच्या) 'बुक ऑफ कॉमन प्रेयर' या प्रार्थनापुस्तकात तयार आहे. ते पुस्तक पहिल्यांदा 1549 साली निघालं, 1662 ची आवृत्ती अजून वापरात आहे. त्यात 150 स्तोत्रं महिन्याच्या 30 दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. एक तारखेला सकाळी 1 ते 5, संध्याकाळी 6 ते 8, असं. 31 तारीख आली की आदल्या दिवसाचीच पुन्हा. फिती नकोत, तक्ता नको, कॅलेंडरवरची तारीख बघायची आणि उघडायचं. ही वाटणी इंटरनेटवर फुकट मिळते. उतरवून बायबलच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवा.

हे सीएनआयवाल्यालाच का सांगते, तर आपल्या चर्चमध्ये दोन वेगळ्या सवयी एकत्र आल्या आहेत. 1970 साली नागपूरला सहा चर्चपरंपरा मिळून सीएनआय झालं, त्यात पुस्तकातून प्रार्थना करणारे अँग्लिकन होते आणि मनाने प्रार्थना करणारेही होते. नगरला अमेरिकन मिशनचं वळण दुसऱ्या प्रकारचं. माझे आजोबा म्हणायचे, पुस्तकातली प्रार्थना म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं. तुमच्या मंडळीतही असं म्हणणारं कुणी भेटेल. त्यांच्याशी वाद घालू नका, पण एक लक्षात ठेवा. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे येशूचे वधस्तंभावरचे शब्द बावीसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहेत. तिथेही पाठ असलेलंच तोंडात आलं.

आणि गंमत म्हणजे याच आजोबांच्या उशाशी गीतपुस्तक असायचं. खाकी कागदाचं कव्हर, मागची पानं खळीने चिकटवलेली. ना. वा. टिळकांच्या गीतांची पानं कडेला बोटांच्या तेलाने काळपट झालेली, बाकीची बरीच पांढरी. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लिहिताना अभंगाची चाल सोडली नाही. म्हणूनच आजोबांना ती पानं न बघता म्हणता यायची. त्यांची 'मनाने केलेली' प्रार्थना अर्धी टिळकांचीच असायची, फक्त त्यांना तसं वाटत नसे.

तरीही पुस्तक घ्यायचंच असेल तर ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन हातात घ्या. रात्रीची प्रार्थना उघडून दोन परिच्छेद पुटपुटत वाचा. जुनी भाषा असली तरी हरकत नाही, 'तुम्हांस', 'करितो' आठवड्यात जिभेवर बसतं. पण वाक्य मध्येच अडखळत असेल, इंग्रजीचं ओझं जाणवत असेल, तर ठेवून द्या. दुसरं, 88 वं स्तोत्र त्यात आहे का बघा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुठेही उजेड पडत नाही. कॅथलिकांच्या त्या चार खंडांत ते दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी येतं, आणि त्यासाठी मी त्यांना मानते. ज्या पुस्तकात फक्त आनंदी स्तोत्रं निवडलेली असतात, ते बाबा गेले तेव्हा माझ्या काही कामाचं नव्हतं.

रोज एक पान वाचायच्या मननाच्या पुस्तिका मिळतात, त्या प्रार्थनापुस्तकं नव्हेत. त्यात लेखक बोलतो, आपण ऐकतो. चहाबरोबर वाचायला ठीक.

एक किरकोळ पण हैराण करणारी गोष्ट: जुन्या कॅथलिक पुस्तकांत स्तोत्रांचे क्रमांक बरेचसे एकाने मागे असतात. आपलं तेविसावं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", त्यांच्याकडे बावीसावं. सासूबाई आणि मी पहिल्या वर्षी एकाच खोलीत दोन वेगळी स्तोत्रं म्हणत होतो, कुणाचं चुकतंय ते कळायला आठवडा गेला.

पापकबुलीसाठी आणि सणांच्या प्रार्थनांसाठी तुमच्या पाळकसाहेबांकडे उपासनाविधीची पुस्तिका मागा. रविवारी जे म्हणता तेच सोमवारी घरी म्हटलं की एकटेपण कमी वाटतं.

सुरुवात एक तारखेची वाट बघत लांबवू नका, आज जी तारीख असेल तिथून करा. फक्त पंधरा तारखेला संध्याकाळी 78 वं येतं, एकटंच, 70 हून जास्त वचनं. त्या दिवशी भाताचा कुकर लावण्याआधी बसा. माझे दोनदा करपलेत.