घडीवर विरणारी पैठणी

प्रश्न : आमच्या छोट्या संग्रहालयातल्या जुन्या पैठण्या घडीवर चिरताहेत. कशा ठेवाव्यात?

उत्तर : घडी मोडून नळीवर गुंडाळा. नळी किमान १० सेंमी व्यासाची, पन्ह्यापेक्षा दोन्हीकडे ५ सेंमी जास्त लांब हवी. साध्या पुठ्ठ्याच्या नळीतलं आम्ल रेशीम ठिसूळ करतं. म्हणून नळीवर आधी पॉलिएस्टर फिल्म (प्लास्टिकचा पातळ पापुद्रा), मग आम्लरहित टिश्यू कागद. ताण्याच्या, म्हणजे लांबीच्या उभ्या धाग्यांच्या दिशेने, टिश्यूचा थर घालत गुंडाळा. सुरकुती आत राहिली की चीर तिथेच पडते. वरून खळ काढलेला मांजरपाट, बांधायला रुंद सुती नाडी, सुतळी रुतते. नळीतून दांडा घालून टांगा, म्हणजे वजन कापडावर येत नाही. फार चिरलेली पैठणी मात्र गुंडाळू नका, कपाटाच्या खणात सपाटच ठेवा. आणि डांबरगोळ्या? अजिबात नकोत.