चावी लग्नाला नेली होतीस?

प्रश्न : ताई, मी विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात आहे. चार महिन्यांपूर्वी अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर झाले आणि तीस खाटांचा मेडिसिन वॉर्ड हाती आला. ज्यांच्याबरोबर अकरा वर्षं नाइट केल्या, एका डब्यात जेवले, त्याच आता माझ्या हाताखाली. ड्यूटी लिस्ट लावायला बसले की एकेकीचा फोन सुरू होतो. कुणाला नाही म्हणवत नाही, मग अडलेली इव्हिनिंग मीच ओढते. इंडेंट (स्टोअरकडची सामानाची मागणी) असो की ट्रॉली, स्वतः बघितल्याशिवाय चैन पडत नाही. घरी पोचायला रोज रात्रीचे आठ. वयाने मोठ्या एक सिस्टर रोज पाऊण तास उशिरा येतात, त्यांना बोलायची हिंमत होत नाही. आणि गेल्या आठवड्यात नव्या मुलीला मात्र चार्ट भरला नाही म्हणून नातेवाइकांसमोर झापलं. त्या रात्री झोप लागली नाही. चांगली इन्चार्ज व्हायला काय सवयी लावून घेऊ? आणि मैत्रिणींबरोबर चहाला जाणं आता बंद करू का?
— एक परिसेविका

उत्तर : अगं, आधी माझी फजिती ऐक.

मी इन्चार्ज झाले तेव्हा ऑक्सिजनची पाइपलाइन आमच्या वॉर्डापर्यंत पोचलेली नव्हती. उंच जंबो सिलिंडर, आणि तो उघडायची लोखंडी चावी. ती चावी सारखी हरवायची. म्हणून मी ती माझ्या एप्रनच्या खिशात ठेवायला लागले. मला वाटायचं, केवढी ही माझी जबाबदारीची जाणीव! मग भावाच्या लग्नाला साताऱ्याला गेले. एप्रन धुवायला म्हणून बॅगेत, आणि चावी एप्रनमध्ये. संध्याकाळी ऑपरेशन झालेला एक पेशंट धापा टाकायला लागला. नवा सिलिंडर लावला, आणि उघडायला चावी नाही. वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) दोन जिने उतरून खालच्या वॉर्डातली चावी घेऊन आले, म्हणून निभावलं. मी परत आले तेव्हा मेट्रन रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, “चावी लग्नाला नेली होतीस?”

त्या दिवशी गॉजच्या पट्टीने चावी ट्रॉलीला बांधली. माझ्या इन्चार्जपणाची सुरुवात मी त्या गाठीपासून धरते.

१२ मेला, परिचारिका दिनी, आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या तसबिरीला हार घालतो, दिवे लावतो, भाषणं ऐकतो. दिवा घेऊन फिरणारी बाई एवढीच आपली ओळख. पण १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात एक अख्खं प्रकरण बारीकसारीक व्यवस्थेवर आहे. त्यांचं म्हणणं असं, की जिच्या हाती कारभार आहे तिने ‘हे योग्य काम मी नेहमी स्वतः कसं करीन’ असं विचारू नये, ‘ते नेहमी होत राहील याची तजवीज कशी करीन’ असं विचारावं. माझ्या चावीचा निकाल बाईंनी शंभराहून जास्त वर्षं आधीच लावून ठेवला होता, मी वाचला उशिरा.

तू आठ वाजता घरी पोचतेस ते तुझ्या खिशात अशा वीस चाव्या आहेत म्हणून. एक दिवस वही घेऊन बस आणि ‘मी बघते’ म्हणून जे जे करतेस ते लिहून काढ. इमर्जन्सी ट्रॉली, सक्शन मशीन, फ्रिजचं तापमान, लिनन. प्रत्येकासमोर कोणत्या ड्यूटीने बघायचं ते टाक, सहीचा रकाना ठेव. मग खरी कसोटी येते. एखाद्या सकाळी ट्रॉली तपासलेली नसेल आणि तुझे हात शिवशिवतील. हात लावू नकोस. जिचं काम आहे तिला बोलाव, तिच्याकडून करून घे. तू केलंस की ते कायमचं तुझं झालं. सकाळच्या ओव्हरलाही, म्हणजे रात्रीची सिस्टर सकाळचीला पेशंट सोपवते तेव्हाही, खाटेपाशी उभी राहा, पण मध्ये बोलू नकोस. मला हे जमायला सहा महिने लागले, माझी जीभ फार चुरचुर करायची.

आता ड्यूटी लिस्ट. वॉर्डातलं अर्धं राजकारण त्या एका कागदावर चालतं. फोनवरची मागणी घ्यायचीच नाही. एक वही ठेव, ज्यांना ऑफ हवा त्यांनी पंधरा तारखेपर्यंत त्यात लिहायचं, वीसला लिस्ट भिंतीवर. त्याच वहीत प्रत्येकीचं वर्षभराचं पान : किती नाइट, किती रविवार, कोणता सण घरी, कोणता वॉर्डात. ही वही उघडी ठेव. गेल्या दिवाळीला कोण घरी होतं हे सगळ्यांना दिसतं, तेव्हा नाही म्हणायला तुझी गरज उरत नाही, वहीच म्हणते. माझ्याकडे केरळच्या दोन सिस्टर होत्या. नाताळ त्यांचा, म्हणून गणपतीत नाइट त्या आपणहून मागून घ्यायच्या. लिस्ट लागल्यावर अडचण आली तर त्यांनी आपसात बदली शोधावी, दोघींनी सही करावी, मग तुझी. आणि एक सण तुझ्या नावावरही हवा. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मी वॉर्डात काढायचे. घरचे कुरकुरायचे, पण त्यानंतर माझ्या लिस्टवर फारसं कुणी बोललं नाही.

उशिरा येणाऱ्या ताईंना लिनन रूममध्ये, एकटीला गाठ. आधी कारण विचार. माझ्याकडच्या अशाच एकीची सासू अर्धांगाने पडून होती आणि सांभाळणारी बाई यायचीच उशिरा. तिला तीन महिने इव्हिनिंग लावली, प्रश्न मिटला. कारण नसेल तर आवाज न चढवता सांग, “ताई, तुमच्या पाऊण तासाची भरपाई रात्रभर जागलेली पोर करते.” आणि त्या दिवसापासून रजिस्टरला आल्याची खरी वेळ. वयाचा मान वेगळा, वेळ वेगळी.

त्या मुलीचं मात्र लांबवू नकोस. चारचौघांत झापलंस, तर उद्याच्या ओव्हरला चारचौघांतच म्हण, “त्या दिवशी माझं चुकलं.” मग तिच्याशी बस आणि विचार, त्या ड्यूटीला पेशंट किती होते? तीस खाटा कागदावर असतात गं, जमिनीवरच्या गाद्या धरल्या की चाळीस होतात आणि सिस्टर दोघी. तसं असेल तर चार्ट का राहिला याचं उत्तर तिच्याकडे नाही, ते तू मेट्रनकडे मागायचं. तोंडी नाही, लेखी, तारीख टाकून, आणि एक प्रत स्वतःजवळ. दर वेळी. उद्या हीच मुलगी एखादं इंजेक्शन चुकीचं दिल्यावर तुझ्याकडे धावत येते की लपवते, ते तिच्याशी तू आता कशी वागतेस त्यावर आहे. ती आली तर पहिलं वाक्य “सांगितलंस, बरं केलंस” हे असू दे. मग पेशंट, मग डॉक्टर, मग रिपोर्ट.

चहाला जा. न जाऊन कसं चालेल, अकरा वर्षांचा चहा आहे तो! फक्त वही टेबलावर ठेवून जा, आणि एखादीने कपात बिस्किट बुडवता बुडवता रविवारचा विषय काढला तर “वहीत लिही” म्हणून दुसरं बिस्किट उचल.

गणपतीच्या महिन्याची लिस्ट लागली की कळव. विसर्जनाची नाइट कुणाला आली, ते मला ऐकायचंय.