मुलीच्या अर्जाआधी पॉलिसी परत करा

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझी सात एकर कोरडवाहू शेती आहे, चार एकरांत कपाशी, तीन एकरांत सोयाबीन. मुलगी अमरावतीला संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सरकारी धोरणांसाठीचे डेटा अ‍ॅनालिटिक्स या विषयात अमेरिकेत दोन वर्षांचे एम.एस. करण्याची तिची इच्छा आहे. परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराने खर्च 60 लाख सांगितला आहे. चार एकर विकावे की कर्ज काढावे? रेल्वेमार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे 14 लाख आले होते. त्यातले 3 लाख बँकेतल्या साहेबांनी एकरकमी योजनेत टाकून दिले; पंधरा वर्षांनी 45 लाख मिळतील, त्यातून कर्ज फेडता येईल. बाँड मागच्या आठवड्यात पोस्टाने आला, फोटो जोडला आहे.

उत्तर : आपला प्रश्न महिनाभर थांबला तरी चालेल, बाँड, म्हणजे विमा पॉलिसीचा कागद, मात्र थांबणार नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. तीन लाखांचे पंधरा वर्षांत 45 लाख व्हायचे तर वर्षाला वीस टक्के परतावा लागतो आणि विम्याच्या हमीच्या योजनेत तो कोणीही देत नाही. फोटोतल्या तक्त्यात 'हप्ता : वार्षिक' आणि 'प्रीमियम भरण्याची मुदत : 10 वर्षे' असे स्पष्ट छापलेले आहे. म्हणजे आपल्याला दहा वर्षांत 30 लाख भरायचे आहेत आणि 45 लाख त्या 30 लाखांचे होणार आहेत. हा परतावा वर्षाला जेमतेम चार टक्के पडतो. सोबतच्या प्रस्तावाच्या प्रतीत आपला व्यवसाय 'व्यापार' आणि वार्षिक उत्पन्न 12 लाख लिहिले आहे. एकरी सहा क्विंटल कापूस आणि पाच क्विंटल सोयाबीन धरले, तर 2025-26 च्या हमीभावाने (कापूस 8,110, सोयाबीन 5,328) आपले सगळे पीक पावणेतीन लाखांचे होते, तेही बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा न करता. ज्या माणसाने हे ठाऊक असताना वर्षाला तीन लाखांचा हप्ता आपल्या गळ्यात बांधला, त्याने आपले हित पाहिलेले नाही.

बाँड हाती आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करण्याचा अधिकार आपल्याला आहे, त्याला फ्री लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीच्या नावे लेखी द्या, तारखेसह पोच घ्या आणि बाँड आलेले पाकीट जपून ठेवा. "साहेब, एक वर्ष थांबा" असे कोणी म्हणाले तर थांबू नका. मुदत गेली की मोठी रक्कम अडकते. कंपनीने टाळाटाळ केली किंवा महिनाभरात समाधानकारक उत्तर दिले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क किंवा वकील लागत नाही.

आता शिक्षणाविषयी. चार एकर विकू नका आणि 60 लाखांचे कर्जही काढू नका. थकीत कर्जासाठी तारण जप्त करून विकण्याचा अधिकार बँकांना देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी बँका ती घ्यायला सहसा तयार नसतात आणि विनातारण कर्जाचे व्याज महाग पडते. अकरा टक्क्यांनी धरले, तरी शिक्षण आणि सवलतीचा काळ संपेपर्यंत 60 लाखांचे 75 लाखांच्या आसपास होतील आणि दहा वर्षे महिन्याला लाखावर हप्ता बसेल. सल्लागाराने बहुधा न सांगितलेली बाब अशी, की अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकऱ्या प्रामुख्याने तिथल्या नागरिकांसाठी असतात. ज्या कामाच्या नावाने ही पदवी दिली जाते, त्यातला मोठा भाग आपल्या मुलीला पहिल्या दिवसापासून बंद राहील आणि हप्त्यासाठी तिला खासगी कंपनीची वाट धरावी लागेल.

तिची निवड मात्र मला मनापासून योग्य वाटते. रोजगार हमीची हजेरी, पीक विम्याचे दावे, पोषणाच्या नोंदी ही सगळी माहिती आपल्याकडे गोळा होते. ती नीट वाचून योजनेचा परिणाम तपासणारी माणसे कमी आहेत आणि कोरडवाहू गावातून आलेल्या मुलीला त्या आकड्यांमागचे वास्तव ठाऊक असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहणारी मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, पुण्याची गोखले संस्था आणि आयआयटी मुंबईचे धोरण अभ्यास केंद्र या तिन्ही ठिकाणी तिने अर्ज करावा. पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदार लागत नाही; कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याजसवलतही मिळू शकते. संख्याशास्त्राची पदवी हाती असल्याने केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षाही तिला देता येईल.

उरलेले 11 लाख मुदत ठेवीत ठेवा. त्यातले वर्षभराचा घरखर्च आणि पेरणीपुरते पैसे वेगळे ठेवा. आणि पॉलिसीच्या अर्जासोबत खात्यातून हप्ता आपोआप कापण्याच्या संमतीपत्रावर सही घेतली होती का, हे पासबुक घेऊन बँकेत विचारा. घेतली असेल, तर ती त्याच दिवशी लेखी रद्द करा.