केएमएस टाकूनही स्क्वॅश का फसफसतो

ताई, मोर्शीकडच्या तुमच्या बचत गटाच्या संत्रा स्क्वॅशला फेस येतो, बुचं उडतात, अन् केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, माल टिकवायची पावडर) तर पत्रकात लिहिल्याप्रमाणे किलोला ३५० मिलिग्रॅम टाकलं होतं, हे वाचलं आणि म्हटलं, हे तर आमचंच जुनं दुखणं. बाटल्या उकळणं, पाक गाळणं तुम्ही करतच असाल, त्यात शिरत नाही.

घोळ त्या पत्रकातच आहे. आम्हालाही प्रशिक्षण देणाऱ्या एका कार्यालयाने हाच आकडा दिला होता. स्क्वॅशसाठीची ३५० पीपीएम (म्हणजे किलोला ३५० मिलिग्रॅम) ही मर्यादा पावडरीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूची आहे, पावडरीची नव्हे! पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमधून वजनाच्या फार तर ५७.६ टक्के वायू निघतो, म्हणजे ३५० मिलिग्रॅममधून जेमतेम २००. मे महिन्यात आपल्याकडे टिनाखाली ठेवलेला माल त्यावर काय टिकणार? विचारायला गेलो तर साहेबांनी बायांनाच झापलं, "तुमची स्वच्छता कमी पडते." पत्रक उघडून पाहायची तसदी कोणी घेतली नाही.

ताजी पावडर असेल तर किलोला ६०० मिलिग्रॅम घ्या. त्याच्या वर नको, मर्यादा ओलांडाल. पाकीट उघडं राहिलं की हवेने सल्फाइटचं सल्फेट होतं, अन् ते काही कामाचं नाही. पाक पूर्ण थंड झाल्यावरच टाका, गरम असताना वायू उडून जातो. किचनच्या काट्यावर एवढं वजन कळत नाही, म्हणून १० ग्रॅम पावडरीचं पाण्यात १०० मिली द्रावण करा आणि किलोला ६ मिली घाला. द्रावण त्याच दिवशी संपवा.

आंबटपणाकडेही बघा. केएमएसमुळे रसात सल्फ्युरस आम्ल तयार होतं म्हणतात, पण ते म्हणजे पाण्यात विरघळलेला वायूच. शुद्ध आम्ल वेगळं काढता येत नाही. त्यातलं बहुतेक बायसल्फाइट बनून बसतं आणि फेस आणणाऱ्या यीस्टला मारतो तो उरलेला वायू. पीएच जितका कमी तितका रस आंबट; पीएच ३ ला तो वायू सहा टक्क्यांच्या आसपास, ३.५ ला दोनच. सायट्रिक ॲसिडमध्ये काटकसर नको.

फेस आलेल्या बाटलीत वरून केएमएस टाकू नका. यीस्टने तयार केलेलं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन त्यातला वायू बांधून टाकतं. तो माल गेला समजा.

मी केमिस्ट नाही, विक्रीआधी नमुना तपासून घ्याच. दमेकऱ्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, लेबलवर लिहा. अन् जांभळाच्या सरबतात हे वापरू नका, रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट.